भोकरमाळचे रिकामे जाते

ही गोष्ट जशी ऐकली तशीच आठवते आहे, की मधल्या वर्षांत तिच्यात काही पदरचे मिसळले आहे, याची खात्री आता देववत नाही. नावे बहुधा बरोबर आहेत. ऋतू चुकला असण्याची शक्यता आहे. हन्नाबाईच्या तोंडची काही वाक्ये तिची नसून तिच्या मुलींची किंवा सुनांची असतील, कारण त्या घरातल्या सगळ्याच बायका तसे बोलत. पण जाते खरे आहे. ते कोणालाही जाऊन पाहता येते.

भोकरमाळच्या चर्चला मागच्या अंगाला ओसरी आहे. ओसरीच्या कोपऱ्यात काळ्या दगडाचे मोठे, दोन बायकांनी मिळून ओढायचे जाते जमिनीत बसवलेले आहे. प्रभूची भाकर वाटण्याच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब “आता आपण आपली पापे देवासमोर कबूल करू या” असे म्हणाले, की बायकांच्या बाजूने दोघीजणी उठतात, ओसरीवर जातात, पदर खोचून बसतात आणि जाते फिरवू लागतात. जात्यात दाणा नसतो. दगडावर दगड घासून असा कर्कश आवाज होतो की पाहुण्यांची तान्ही मुले दचकून रडू लागतात. आत मंडळी गुडघे टेकून आपापली पापे मोठ्याने बोलून टाकते, आणि एकाचे दुसऱ्याला काही कळत नाही. पाळकांनी हात वर केला की दारात उभी असलेली एक बाई खूण करते आणि जाते थांबते.

शहरातून येणाऱ्यांना हे फार आवडते. त्यांना समजावून सांगणारे कोणी ना कोणी भेटतेच. शब्बाथशाळेचे, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गाचे शिक्षक सांगतात, पाप कसे भरडले जाते याचे हे प्रतीक आहे. कोणा मोठ्या उपदेशकाने यावर तासभर उपदेश केला होता म्हणे, आणि लोकांनी डोळे पुसले होते. हे प्रतीक वगैरे सगळे मागून चिकटवलेले आहे. ज्या बाईने ते जाते पहिल्यांदा रिकामे फिरवले, तिला प्रतीकाशी काही देणेघेणे नव्हते. तिला आवाज हवा होता.

मोठ्या दुष्काळाला काही वर्षे उलटल्यावर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून उज्जीवनाची लाट आली, असे सांगतात. निजलेल्या मंडळीवर पवित्र आत्मा उतरतो, माणसे रडतात, पापे कबूल करतात आणि मंडळी नव्याने जिवंत होते, त्याला उज्जीवन म्हणत. कल्पना वाईट नाही. काही गावांत त्यातून खरेच चांगले घडले असेल. नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. पण भोकरमाळला ही लाट आली ती हेव्यातून. शेजारच्या देवटाक्याच्या मंडळीत उज्जीवन झाले. तिथली माणसे चर्चमध्ये लोळली, तिथल्या पाळकाचे नाव मिशनच्या मासिकात छापून आले. भोकरमाळचे पाळक आनंदराव बनसोडे यांनी ते मासिक वाचले आणि त्यांना जेवण गोड लागेना. “त्यांच्याकडे आत्मा उतरतो आणि आपल्याकडे का नाही? आपल्याला काय साडेसाती लागलीय?” असे ते बायकोला म्हणाले म्हणे. ख्रिस्ती पाळकाच्या तोंडी साडेसाती शोभत नाही, हे बायकोने त्यांना सांगितले. त्यांनी ऐकले नाही. त्यांनी जखऱ्या रणपिसे यांना बोलावणे धाडले.

रणपिसे हे त्या काळी उज्जीवन करून देणारे प्रसिद्ध गृहस्थ होते. काळा लांब कोट, हातात बाजाची पेटी, आणि आवाज असा की कुजबुजले तरी शेवटच्या ओळीला ऐकू जावे. त्यांना रडता फार छान येत असे. प्रार्थनेच्या कोणत्या शब्दाला डोळे भरून आणायचे आणि कोणत्या शब्दाला गाल पुसायचा, हे त्यांचे ठरलेले होते. मिशन वस्तीतली पोरे पुढे त्यांची नक्कल करून दाखवीत, आणि तीत अश्रूसुद्धा काढीत.

त्यांनी आल्या आल्या मंडळीचे दोन भाग केले. जे उभे राहून रडत पाप कबूल करतील ते ओले. जे करणार नाहीत ते कोरडे. ओल्यांनी पुढे बसायचे, कोरड्यांनी दाराशी. बायबलात असे कुठे सांगितले आहे, हे कोणी विचारले नाही. विचारणारा कोरडा ठरला असता.

पहिल्या आठवड्यात खरोखरच काही माणसे सुधारली, हे नमूद करायला हवे. तुकाराम आढावने दारू सोडली आणि तो पुन्हा कधी प्याला नाही. दोन भाऊ बांधावरून वर्षानुवर्षे बोलत नव्हते, ते गळ्यात गळा घालून रडले. तेवढ्यावर उज्जीवन थांबले असते तर त्याला कोणी हसले नसते. पण ज्यांच्याकडे सांगण्यासारखी पापे होती ती माणसे लवकरच संपली, आणि पुढच्या ओळीत जागा शिल्लक होती.

मग जो प्रकार सुरू झाला तो सांगताना भोकरमाळचे वृद्ध अजून मान खाली घालतात, पण हसू लपवत नाहीत. माणसे लहान पापे मोठी करून सांगू लागली. एकीने सासूच्या कालवणात मुद्दाम मीठ जास्त टाकल्याचे सांगितले. रणपिसे समाधानी दिसले नाहीत, तेव्हा तिने मिठाचे विष केले. सासू पुढच्याच ओळीत बसली होती. ती उभी राहून म्हणाली, “मंग मी मेले का गं, भवाने?” एकाने नवीच युक्ती काढली. तो म्हणाला, “माझ्या चुलत्यानं मिशनच्या बंगल्यातली खुर्ची नेली, हे मला माहीत असून मी लपवलं, हे माझं पाप.” त्यानंतर दुसऱ्याची पापे आपली म्हणून सांगण्याची साथच आली. चर्चमध्ये भाऊबंदकी निघू लागली आणि रणपिसे डोळे मिटून “स्तोत्र! स्तोत्र!” म्हणू लागले. किती जण ओले झाले ते पाळकसाहेब मिशनच्या बंगल्यावर कळवीत होते. ओलेपणाचा खरेपणा तपासण्याची सोय तिथेही नव्हती.

आणि हे ऐकायला गाव जमू लागले. गावातल्या लोकांना चर्चमध्ये काय चालते याची तोवर कधी फिकीर नव्हती. पण आता मिशन वस्तीतली माणसे उभी राहून आपापल्या घरातल्या भानगडी ओरडून सांगतात, असे कळल्यावर माळी, वाणी, न्हावी, सगळे मागच्या ओसरीवर गर्दी करू लागले. ओसरीच्या खिडक्यांतून डोकी दिसत. एखादे पाप रंगले की बाहेरून “वा!” असेही येई. रणपिसे याला सुवार्तेचा प्रसार म्हणत.

गावचे पोलीस पाटील कोंडाजी हेही आपल्या घोडीवरून येऊ लागले. लाजरस पारधे नावाच्या माणसाने भर सभेत कबूल केले, की तरुणपणी आपण वाण्याच्या घरातली पितळी घागर उचलली होती. दुसऱ्या दिवशी पाटलांनी त्याला चावडीवर बोलावले आणि चांगला सोलून काढून तालुक्याला पाठवले. त्याची बायको पोर कडेवर घेऊन पाळकांच्या दारात आली. रणपिसे जेवायला बसले होते. ते म्हणाले, “बहिणी, रडू नको. प्रेषित पौलही तुरुंगात गेला होता.” ती म्हणाली, “त्याला पोरं किती होती?” रणपिसे यांनी कोशिंबीर मागितली, असे सांगतात. हे मात्र कोणी रागाने जोडलेले असू शकेल.

आता हन्नाबाई त्रिभुवन. चर्चची झाडलोट आणि प्रभुभोजनाच्या भाकरीचे काम तिच्याकडे होते. प्रभूच्या भाकरीचे पीठ बाहेरच्या पिठात मिसळू नये, असे एका मडमसाहेबांनी ठरवून दिले होते आणि त्यासाठी हे जाते ओसरीवर बसवून घेतले होते. हन्नाबाई आदल्या दिवशी तिथे गहू दळायची. तिची जीभ त्या जात्याच्या वरच्या दगडासारखी होती, असे तिचे दीर म्हणत. तिच्या नवऱ्याचे नाव भागोजी. तो घायपाताचे दोर वळायचा, आणि दर रविवारी चर्चची घंटा वाजवायचा. घंटेचा दोर त्याच्याच हातचा. भागोजीसारखा निरुपद्रवी माणूस पंचक्रोशीत नव्हता. त्याच्या नावावर पाप म्हणून काही नव्हते, आणि तीच आता अडचण झाली.

तो कोरडा राहिला. दाराशी बसायचा. रणपिसे त्याच्याकडे पाहून म्हणायचे, “एक हृदय अजून दगडाचे आहे. एका माणसामुळे सगळ्या मंडळीचा आशीर्वाद अडला आहे.” एका रविवारी तो घंटेपाशी गेला तर दोर दुसऱ्याच्या हातात होता. “आता ओल्यांनीच वाजवायची, असं साहेबांनी सांगितलंय,” तो माणूस म्हणाला. तो मिठाचे विष करणाऱ्या बाईचा नवरा होता. वर असेही जाहीर झाले, की येत्या प्रभुभोजनाला कोरड्यांना भाकर मिळणार नाही.

भागोजी घरी आला. त्याने दोर वळायला घेतला आणि तसाच टाकून दिला. दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हन्नाबाई परसात भांडी घासत होती, तेव्हा तो तिच्यामागे येऊन उभा राहिला.

“हन्ने, मला सापडलं,” तो म्हणाला.

“काय सापडलं?”

“पाप.”

“कुठं पडलं होतं?” हन्नाबाईने मान वर न करता विचारले.

“थट्टा करू नगं. पाटलाची गंजी जळाली ना, गेल्या साली? ती मी पेटवली.”

हन्नाबाईने घासायचे ताट खाली ठेवले. कोंडाजी पाटलांची कडब्याची गंजी जळाली होती हे खरे होते. कोणी पेटवली ते कधी कळले नव्हते. ज्याने पेटवली त्याला काळे पाणी दाखवीन, असे पाटलांनी देवळासमोर सगळ्या गावादेखत सांगितले होते.

“त्या दिवशी तुमी माझ्या म्हायेराला होता,” ती हळूच म्हणाली. “माझ्या भावाच्या घरात जेवत होता. मी वाढत होते.”

“व्हय.”

“मंग कशी पेटवली? तिथून फुंकर मारून?”

भागोजी खाली बसला. मग त्याने सांगितले ते असे. गंजी जळण्याआधी तो पाटलांच्या वाड्यावर मोटेचा दोर, म्हणजे नाडा, द्यायला गेला होता. पाटलांनी नाडा ओढून पाहिला, त्याच्या पायांवर फेकला आणि म्हणाले, “ने, तुमच्या येशूला बांध ह्यानं.” भागोजी नाडा उचलून परत आला. पण पुढे माहेरी गंजीची बातमी आली तेव्हा त्याच्या मनात आले, बरे झाले. आणि लगेच दुसरे आले, आपण पेटवली असती तर आणखी बरे झाले असते.

“रणपिसे साहेब सांगतात, मनात आलं म्हंजे केलंच. प्रभूचं वचनच हाय तसं. मनात खून केला तर खूनच. मंग मनात गंजी पेटवली तर पेटवलीच की.”

“अवं, मंग असं म्हणा, माझ्या मनात आलं.”

“तसं म्हणून पाह्यलं. साहेबांना खाजगीत सांगितलं. ते म्हणले, मनात आलं मनात आलं करत सैतान माणसाला वाचवतो. सरळ म्हण, मी केलं. देवाच्या नजरेत दोन्ही एकच.”

“देवाच्या नजरेत एक असंल. पाटलाच्या नजरेत न्हाई.”

“पाटलाला भिऊन देवापुढं खोटं राहू?”

“तुमी देवापुढंच खोटं बोलाया निघालाय!”

पण भागोजीला ते खोटे वाटत नव्हते. त्याला खरोखरच वाटत होते की गंजी आपण पेटवली. ढोंगी माणसाला धाक घालून गप्प बसवता येते. सरळ माणसाला एखाद्या मूर्ख उपदेशकाने पटवले, की तो कोणाच्याच हाती राहत नाही. हन्नाबाईने त्याला समजावले, शिव्या दिल्या, भावाची शपथ घातली. तो फक्त म्हणायचा, “मला प्रभूची भाकर पाहिजे, हन्ने. तू केलेली हाय, अन् मला न्हाई मिळणार. असं कसं?”

ती पाळकांकडे गेली. रणपिसे पडवीत खुर्चीवर बसले होते, पाळक शेजारी उभे होते. आपल्याच घरात पाळक उभे आणि पाहुणा बसलेला, यावरूनच काय ते तिच्या लक्षात आले.

“पाळकसाहेब,” ती म्हणाली, “माझा नवरा न केलेलं पाप कबूल करणार हाय. त्याला थांबवा.”

पाळकांनी रणपिसे यांच्याकडे पाहिले. रणपिसे म्हणाले, “आत्म्याला विझवू नका, बाई. कामात आड येऊ नका.”

“मी आत्मा न्हाई विझवत. पाटील त्याला काळ्या पाण्यावर धाडंल.”

“साक्षीला किंमत पडतेच.”

“किंमत माझ्या घरची. तुमी उद्या-परवा दुसऱ्या गावाला.”

रणपिसे यांचा आवाज मऊ झाला. तो मऊ झाला की धोका असे, असे मंडळीला ठाऊक होते. “बाई, तुम्ही स्वतः अजून कोरड्या आहात. म्हणून तुम्हाला हे कळत नाही.”

“मी कोरडी असंन. पण भाकरीचं पीठ मीच भिजवते,” असे म्हणून ती निघाली. पाळक तिच्यामागे दारापर्यंत आले आणि कुजबुजले, “हन्नाबाई, मी काय करू? मासिकाला कळवून टाकलंय, सगळी मंडळी ओली झाली म्हणून. पुरुषांत एकटा भागोजीच राहिलाय.” आनंदराव बनसोडे वाईट माणूस नव्हते, असे सांगतात. त्यांना आपल्या गावाचे नाव छापलेले पाहायचे होते, एवढेच. तेवढ्यासाठी ते एका माणसाला समुद्रापार धाडायला तयार झाले. वाईट माणसे यापेक्षा कमी करतात.

प्रभुभोजनाचा रविवार उजाडला. हन्नाबाईने आदल्या दिवशी दळण केले नव्हते. हे ठरवून की सुचले नाही म्हणून, याबद्दल दोन मते आहेत. भर दुपारी चर्च भरले. ओले पुढे, भागोजी दाराशी. मागच्या ओसरीच्या खिडक्यांत डोक्यावर डोके. चिंचेखाली पाटलांची घोडी बांधलेली हन्नाबाईने येतानाच पाहिली होती.

बाजाची पेटी वाजली. रणपिसे रडले. मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, “आज शेवटचा दगड फुटणार आहे. भाऊ भागोजी, पुढे या.”

भागोजी उठला. ओल्यांनी त्याला वाट करून दिली आणि माना वळवून पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती म्हणे. तमाशाला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तेवढी. तो व्यासपीठाशी जाऊन गुडघ्यांवर बसला. बाहेरची कुजबुज थांबली.

हन्नाबाई उठली. बायकांना वाटले, आता ही नवऱ्याला ओढून आणणार. ती मागच्या दाराने ओसरीवर गेली. तिथल्या गर्दीतल्या एका माळ्याला म्हणाली, “सरक, मेल्या, माझ्या जात्यावर बसलायस.” तो सरकला. ती बसली, खुंटा धरला, आणि रिकामे जाते फिरवायला सुरुवात केली.

रिकामे जाते कोणी फिरवत नाही. दगड खराब होतो, आणि आवाज अंगावर काटा आणतो. ओसरीच्या बंदिस्त कोपऱ्यात तो आवाज दुप्पट झाला. खिडकीतल्या डोक्यांनी कानांवर हात ठेवले. “ए बाई, थांब ना, ऐकू दे!” “आत काय म्हणला? काय म्हणला?” “अगं दाणा टाक तरी!” हन्नाबाई कोणाकडे पाहत नव्हती. तिचे दात एकमेकांवर आवळलेले होते. दोन बायकांचे जाते ती एकटी ओढत होती.

पाळक धावत दारात आले. “हन्नाबाई! काय चालवलंय? प्रभुभोजन आहे!”

“म्हणूनच दळतेय,” ती ओरडली. “पीठ न्हाई घरात. पीठ न्हाई तर भाकर कशाची?”

“पण जात्यात गहू कुठंय?”

“येईल. देवानं रानात आभाळातून खायला मान्ना पाडला, तुमीच सांगता ना?”

आत रणपिसे यांचा चढा आवाज मधूनमधून येत होता आणि दगडात बुडत होता. मग चर्चमधून लाजरसची बायको बाहेर आली. नवरा अजून तालुक्याच्या कोठडीत होता. तिने पोर पाळकांच्या हातात दिले, हन्नाबाईसमोर बसली, आणि खुंट्याला दुसरा हात लावला. आता जाते असे फिरले की ओसरीच्या कौलांतून माती पडू लागली. गर्दी शिव्या देत पांगली. फुकटचा खेळ ऐकू येत नसेल तर उन्हात कोण उभे राहील?

आत भागोजीने आपले पाप कबूल केले. पुरते, शब्द न गाळता, रडत. पहिल्या ओळीने ते ऐकले असेल. पण पहिल्या ओळीला स्वतःच्याच पापांचे इतके ओझे होते, की त्यांनी बाहेर ब्रसुद्धा काढला नाही. लाजरस कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या दिवशी भाकर झालीच नाही, कारण पीठ नव्हते. प्रभुभोजन पुढच्या रविवारी झाले. त्यात भागोजीला भाकर मिळाली, ओला म्हणून. हन्नाबाईला मिळाली की नाही, याबद्दल सांगणारे गप्प बसतात.

चिंचेखालची घोडी त्या दुपारी निघून गेली. हन्नाबाईने रात्र-दिवस वाट पाहिली. चावडीचे बोलावणे आज येईल, उद्या येईल. तिने भागोजीचे धोतर, घोंगडी आणि तंबाखूची पिशवी बांधून दाराशी ठेवली होती म्हणे. बोलावणे आले नाही. आठवड्यानंतर तिने गाठोडे सोडले.

रणपिसे लवकरच निघून गेले. जाताना ते म्हणाले, भोकरमाळची जमीन खडकाळ आहे, इथे बी रुजत नाही. पुढच्या गावी त्यांनी पुन्हा दोन भाग केले असतील. उज्जीवनाचे जे मागे उरले ते असे: ओल्यांनी कोरड्यांबरोबर बसणार नाही म्हणून लिंबाखाली वेगळी सभा भरवली. मग त्या सभेत जास्त ओला कोण यावरून भांडण लागले. एक पावसाळा गेला आणि लिंबाखाली कोणी उरले नाही. मिठाचे विष करणारी सून आणि तिची सासू यांची चूल वेगळी झाली ती कायमची. खुर्ची नेणाऱ्या चुलत्याने पुतण्याशी मरेपर्यंत संबंध ठेवला नाही. तुकाराम आढाव मात्र खरोखरच पुन्हा प्याला नाही, आणि प्रत्येक वेळी हे सांगितले पाहिजे, कारण एवढ्या गोंधळातून एक माणूस वाचला हे खोटे नाही. लाजरस सुटून आला तेव्हा बायकोने त्याला पहिली गोष्ट बजावली, की यापुढे देवाशी काय बोलायचे ते हळू बोल.

आनंदराव बनसोडे पुढे बदलून गेले. नव्या पाळकांच्या काळात पहिल्या प्रभुभोजनाला पापांगीकाराची वेळ आली, तेव्हा सगळी मंडळी गप्प बसून राहिली. कोणी तोंड उघडेना. सगळ्यांनी आधी खिडक्यांकडे पाहिले होते. पाळक म्हणाले, “बोला ना. मनातल्या मनात तरी बोला.” कोणी बोलेना. तेव्हा हन्नाबाई आणि लाजरसची बायको उठून ओसरीवर गेल्या. जाते सुरू झाले, आणि आत माणसे एकदम बोलू लागली. अशी, जणू कितीतरी दिवसांचे साचले होते. नव्या पाळकांनी ते पाहिले आणि शहाणपणाने काही विचारले नाही. तेव्हापासून हा रिवाज पडला.

आजही भोकरमाळला प्रभुभोजनाच्या रविवारी जाते फिरते. आजही त्यात दाणा टाकत नाहीत, आणि तरी दरवर्षी टाकी लावणाऱ्याला बोलावून दगड नीट खरबरीत करून घेतात, म्हणजे आवाज चांगला व्हावा. आजही तिथे कोणी एकमेकांना पाप विचारत नाही. बायका अभिमानाने सांगतात, आमच्या आजीने पाटलाच्या कानात दगड फिरवला आणि नवऱ्याला काळ्या पाण्यावरून परत आणले.

पाटलांच्या घरात ही गोष्ट वेगळी सांगत. कोंडाजी पाटलांच्या नातसूनबाई फार म्हाताऱ्या झाल्या होत्या, तेव्हा त्यांनी ती सांगितली. त्या म्हणाल्या, आमचे आजेसासरे गर्दीत कधी उभे राहत नसत, पाटलाने न्हाव्याच्या खांद्यावरून डोकावायचे नसते. ते वेगळे, व्यासपीठाच्या शेजारच्या खिडकीशी उभे होते. त्यांनी सगळे ऐकले, आणि घरी येऊन पोट धरून हसले. “भाग्या अन् गंजी पेटवणार? तो आधी गंजीला विचारील, लावू का म्हणून.” आणि त्यांनी तो विषय सोडून दिला.

ही बढाई वाटली. व्यासपीठाच्या शेजारी खिडकीच नव्हती, सपाट भिंत होती. म्हणून ते तसेच बाजूला ठेवले गेले, आणि वर्षे गेली. मग चर्चचा जुना गिलावा काढण्याचे काम निघाले, आणि त्या भिंतीत विटांनी बुजवलेली खिडकी दिसली. गवंड्याला सांगून विटा काढून घेतल्या. ओसरीवर दोन बायकांना रिकामे जाते फिरवायला बसवले, एकाला व्यासपीठाशी गुडघ्यांवर बसून साध्या आवाजात बोलायला सांगितले, आणि बाहेर त्या खिडकीशी उभे राहून ऐकले. जाते चर्चच्या दुसऱ्या टोकाला होते, मध्ये सगळी इमारत होती. शब्द न शब्द स्पष्ट ऐकू येत होता.